भाजीवरचे औषध आणि चांदीचे कण

(शेतकी कार्यक्रमात दिलेले भाषण)



आज खताची किंवा बियाण्याची गोष्ट नाही. आज एका तपासणीची माहिती करून घेऊ या. पालकाच्या पानावर किंवा भेंडीच्या सालीवर औषधाचा अंश राहिला आहे का, हे काही मिनिटांत सांगू पाहणारी ही तपासणी आहे. आपल्या भाजीबाजारात ती अजून रूढ झालेली नाही. प्रयोगशाळांतून मात्र तिच्यावर पुष्कळ काम झाले आहे. घाटकोपरपासून फार लांब नसलेल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले शास्त्रज्ञही या विषयात बरीच वर्षे काम करीत आले आहेत. उद्या असे यंत्र हातात घेऊन कोणी तुमच्या पाटीपाशी उभा राहिला, तर त्या यंत्राला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे तुम्हाला ठाऊक असलेले बरे. माल तुमचा, आणि जायचे ते नावही तुमचेच.

उपनगरात शेती राहिली कुठे, असे शहरातली माणसे विचारतात. बोरिवलीच्या खाडीपलीकडे गोराई-मनोरीला वाड्या आहेत. आरेतल्या पाड्यांवर पावसाळ्यात काकडी, शिराळी, भेंडी लागते. रुळांच्या कडेचे माठ-पालकाचे वाफे तर लोकलमधून सगळ्या मुंबईने पाहिले आहेत. याखेरीज वसईच्या वाड्यांतून आणि शहापूर, मुरबाड, भिवंडीकडून माल निघतो तो अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या बाजारांत उतरतो. २०१६ साली राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला, मुंबईत शेतकऱ्यांचे आठवडे बाजार भरू लागले, आणि गिऱ्हाईक व पिकवणारा समोरासमोर आले. आता गिऱ्हाईक जुडी हातात घेऊन उलटसुलट करते आणि विचारते, “मावशी, यावर औषध मारलेलं नाही ना?” मावशी नाही म्हणतात. गिऱ्हाईक विश्वास ठेवते किंवा ठेवीत नाही. दोघांकडेही पुरावा नसतो.

खात्रीची तपासणी आजही होते, नाही असे नाही. भाजीचा नमुना बारीक वाटतात, द्रावकात घोळवतात, गाळून स्वच्छ करतात आणि मग क्रोमॅटोग्राफ व त्याला जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर अशा यंत्रावर चढवतात. हे काम चोख असते. शेकडो औषधे एकाच वेळी शोधता येतात. पण यंत्र फार महागाचे, चालवणारा माणूस शिकलेला लागतो, आणि नमुना पोचून अहवाल हाती पडेपर्यंत दिवस जातात. द्राक्षाला शीतगृहात बसवून अहवालाची वाट पाहता येते. पालक संध्याकाळपर्यंत मान टाकतो. अहवाल येतो तेव्हा भाजी खाऊन झालेली असते. म्हणूनच बाजाराच्या तोंडाशीच, उभ्या उभ्या करता येईल अशी तपासणी शास्त्रज्ञ शोधत आहेत.

या तपासणीचे मूळ आपल्याच देशातले आहे. १९२८ साली कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी, कृष्णन या आपल्या सहकाऱ्याच्या मदतीने, एक गोष्ट दाखवून दिली. एका रंगाचा प्रकाश एखाद्या पदार्थावर टाकला, तर उधळून बाहेर येणाऱ्या प्रकाशात अगदी थोडा भाग रंग बदलून येतो. त्यांनी आधी सूर्याचाच प्रकाश रंगीत काचेतून गाळून वापरला होता. या शोधाला १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि २८ फेब्रुवारीला शाळांतून विज्ञान दिन साजरा होतो तो याचसाठी.

रंग का बदलतो? कोणताही पदार्थ रेणूंचा बनलेला असतो आणि रेणूतले अणू एकमेकांना जणू स्प्रिंगने जोडलेले असतात. ते सतत थरथरत असतात. प्रकाश त्यांच्यावर आदळला की थोडी शक्ती त्या थरथरीला देऊन जातो, आणि तेवढा त्याचा रंग बदलतो. तुम्ही कलिंगडावर टिचकी मारून आवाजावरून ते पिकले की नाही सांगता ना, तसेच काहीसे हे आहे. टिचकी प्रकाशाची, आणि आवाजाच्या जागी बदललेला रंग. प्रत्येक रसायनाची थरथर वेगळी, म्हणून यंत्राच्या पडद्यावर उमटणाऱ्या रेघांची ठेवणही वेगळी. अंगठ्याच्या ठशावरून माणूस ओळखावा तसे रेघांवरून रसायन ओळखता येते.

अडचण एवढीच की हा बदललेला प्रकाश फारच क्षीण असतो. साधारण एक कोटी किरणकण टाकले तर एखादाच असा रंग बदलून येतो. बाटलीभर औषध असेल तर प्रश्न नाही. पण पानावर राहिलेला अंश किती? आपल्या देशात ज्या पिकावर ज्या औषधाची मर्यादा ठरवून दिलेली नाही, तिथे किलोला ०.०१ मिलिग्रॅम एवढीच सवलत धरतात. हिशेब करून पाहा. दहा-दहा टनांचे दहा ट्रक भाजी, आणि त्या सगळ्यात मिळून औषध एक ग्रॅम. इतक्या थोडक्याची थरथर साध्या रीतीने ऐकू येणार नाही.

इथे चांदी कामाला येते.

१९७४ साली इंग्लंडमधल्या साउदम्प्टन विद्यापीठात फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅक्विलन या तिघांनी चांदीचा पत्रा विजेच्या साहाय्याने खरबरीत केला आणि त्याला चिकटलेल्या पिरिडीन नावाच्या रसायनाचा प्रकाश मोजला. तो अपेक्षेपेक्षा फार जोरदार निघाला. त्यांना वाटले, नांगरलेल्या जमिनीचा पृष्ठभाग सपाट जमिनीपेक्षा जास्त असतो, तसे खरबरीत चांदीवर रसायन जास्त मावले असेल. पण १९७७ साली दुसऱ्या दोन ठिकाणच्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा तो जुळेना. प्रकाश लाखो पटींनी वाढला होता, आणि नांगरट कितीही केली तरी जमीन लाख पट होत नाही. कारण चांदीतच होते.

धातूमध्ये सुटे विद्युत्कण असतात. चांदीचा अगदी बारीक कण घेतला आणि त्यावर योग्य रंगाचा प्रकाश टाकला, तर हे विद्युत्कण प्रकाशाच्या तालावर एकजुटीने हेलकावे घेऊ लागतात. त्यामुळे कणाच्या अगदी अंगालगत प्रकाशाचा जोर वाढतो. दोन कण एकमेकांच्या जवळ आले की मधल्या चिंचोळ्या फटीत तो सर्वांत जास्त वाढतो. मोकळ्या माळावर मंद वाटणारा वारा दोन डोंगरांच्या खिंडीत कसा अंगावर येतो, तसे समजा. त्या फटीत औषधाचा रेणू सापडला, तर त्याची थरथर लाखो पटींनी मोठी होऊन यंत्राला कळते. १९९७ साली तर काही शास्त्रज्ञांनी एकेकट्या रेणूचा प्रकाशही अशा रीतीने टिपला.

बारीक म्हणजे किती, असे विचाराल. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. नॅनो युरियामुळे हा शब्द तुमच्या कानांवर आलेलाच आहे. हे कण साधारण वीस ते शंभर नॅनोमीटरचे, आणि दोन कणांमधली ती कामाची फट एक-दोन नॅनोमीटरची. मिठाईवरचा वर्ख पातळ असतो, पण तो इथे चालत नाही. कण आणि कणांमधल्या फटी हव्यात. ते करण्याची एक जुनी रीत सोपी आहे. मतदानाच्या वेळी बोटाला लावतात त्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असते. तेच पाण्यात विरघळवून सायट्रेट, म्हणजे लिंबातल्या आम्लाचे मीठ, घालून उकळायचे. पाणी पिवळट होते आणि त्यात चांदीचे कण तरंगत राहतात. सोन्याचे कण केले तर पाणी डाळिंबाच्या रसासारखे लाल दिसते. सोने पिवळे आणि त्याचे पाणी लाल, याचे प्रथम पाहणाऱ्याला नवल वाटते. आता असे कण गाळणकागदावर किंवा चिकटपट्टीवर बसवतात. पट्टी सालीवर दाबायची, उचलायची आणि यंत्राखाली धरायची. चीनमधल्या शियामेन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१० साली सोन्याच्या कणांना काचेसारखे पातळ कवच चढवले, ते कण संत्र्याच्या सालीवर नुसते पसरले, आणि सालीवरचे मिथिल पॅराथिऑन ओळखून दाखवले. जुन्या शेतकऱ्यांना हे औषध चांगले आठवत असेल. भारतात त्यावर ऑगस्ट २०१८ मध्ये बंदी आली.

तुमच्या ओळखीचे दुसरे नाव म्हणजे थायरम. बियाण्याला चोळण्यासाठी तुम्ही ते वापरत आला आहात. या तपासणीत थायरम चटकन सापडते, आणि त्याचे कारण तुमच्या घरातच आहे. चांदीचे पैंजण काळवंडतात ते हवेतल्या गंधकाच्या वायूमुळे. गंधक आणि चांदी यांची मोठी जवळीक. थायरमच्या रेणूत गंधक आहे, म्हणून तो चांदीच्या कणाला आपणहून जाऊन चिकटतो आणि नेमका जोराच्या जागी बसतो. म्हणून बीजप्रक्रिया करून उरलेले बी कधी भाजीच्या पाटीत, पोत्यात ठेवू नका. खाण्यात तर ते कधीच जाऊ देऊ नका.

आता हीच गोष्ट उलटी करून पाहा. जे औषध चांदीला चिकटत नाही, ते असूनही यंत्र गप्प राहू शकते. पानावरची माती, मेण, रस हेच कणांवर आधी जाऊन बसले, तरी औषधाला जागा उरत नाही. दुसरे असे की इमिडाक्लोप्रिड, डायमिथोएट, थायामेथोक्झाम ही आंतरप्रवाही औषधे. ती झाडाच्या रसात मुरतात. साल पुसून केलेल्या तपासणीत वरचेच कळते, आतले कळत नाही. तेव्हा यंत्र काही दाखवीत नाही म्हणजे भाजी स्वच्छच आहे, असे कोणी म्हणाले तर ते मानू नका. आणि यंत्र काही दाखवते म्हणजे भाजी मर्यादेबाहेरच आहे, असेही मानू नका. एका पानावर एका जागी कण दाट बसतात, दुसऱ्या जागी विरळ. रेघ लहानमोठी होते ती औषधापेक्षा या दाट-विरळपणामुळेही. थायरम आणि झायरम यांच्या रेघा तर इतक्या सारख्या असतात की एकाचे नाव दुसऱ्याला लागू शकते. माझ्या मते हे यंत्र चाळणीसारखे आहे. संशयाचा माल बाजूला काढायला ते उपयोगी पडेल, तोलून माप द्यायला नाही. माप मोठ्या प्रयोगशाळेतूनच आले पाहिजे.

उपनगरातल्या शेतकऱ्याने आणखी एक लक्षात घ्यावे. आपल्याकडे पाण्याचा प्रश्न औषधाइतकाच मोठा आहे. दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या नद्या डोंगरातून निघतात तेव्हा स्वच्छ असतात. वस्तीत शिरल्यावर त्यांचे काय होते ते मी सांगायला नको. गटाराचे किंवा कारखान्याचे पाणी भाजीला दिले तर शिसे, कॅडमिअम यांसारखे धातू पानात उतरू शकतात. चांदीच्या कणांच्या या तपासणीला ते सरळ दिसत नाहीत. थरथर असते ती दोन अणूंना जोडणाऱ्या बंधाची. सुट्या शिशाला असा बंधच नाही, मग रेघ कुठून येणार? त्यासाठी वेगळी यंत्रे लागतात. घाणीतले रोगजंतूही अशा साध्या पट्टीवर कळणार नाहीत. म्हणजे नाल्याच्या पाण्यावरचा पालक या पट्टीवर अगदी निर्दोष ठरू शकतो. कोणी तसे दाखवून माल खपवू लागला तर त्याला बळी पडू नका आणि स्वतः तसे करू नका. कच्च्या खाण्याच्या भाजीला, कोथिंबीर-पुदिन्याला, विहिरीचे किंवा बोअरचे तपासलेले पाणीच द्या.

तपासणी काय शोधते यावर सगळे कसे अवलंबून असते, याचा धडा नाशिककडच्या द्राक्ष बागाईतदारांना २०१० साली मिळाला. त्या हंगामात युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला. निर्यातीपूर्वी आपल्याकडे ज्या रसायनांची तपासणी होत होती, त्या यादीत हे नाव नव्हते. द्राक्षे आपल्याकडून पास होऊन गेली आणि तिकडे अडकली. नुकसान फार मोठे झाले. पुढे यादीत हे नाव आले. रामन यंत्राचेही असेच आहे. ज्या रसायनाच्या रेघा त्याच्या साठ्यात भरलेल्या आहेत तेवढेच ते ओळखणार. म्हणून कोणी तपासणी केली तर आधी विचारा, “साहेब, तुमच्या यंत्रात नावं कुठकुठली आहेत?”

यंत्र येईल तेव्हा येईल. घरच्या घरी करता येण्याजोगी एक तपासणी आजच सांगून ठेवतो. काही ठिकाणी भेंडी, मिरची, परवल हिरवेगार दिसावे म्हणून मॅलॅकाइट ग्रीन नावाच्या रंगात बुडवतात. हा रंग खाण्याचा नाही. औषधदुकानात मिळणाऱ्या द्रव पॅराफिनमध्ये कापसाचा बोळा भिजवा आणि मिरचीच्या सालीवर घासा. बोळा हिरवा झाला तर रंग दिलेला आहे. चांदीच्या कणांवरही हा रंग फार ठळक दिसतो, म्हणजे पुढेमागे तो लपणे कठीणच. बाजारातून माल आणून आपल्या मालात मिसळून विकणाऱ्यांनी तर हा बोळा जरूर फिरवून पाहावा.

आता मुख्य काम. यंत्र चांगले असो की वाईट, त्याला सापडण्यासारखे काही पानावर राहूच नये, हे तुमच्या हातात आहे. औषधाच्या डब्यावर पिकाचे नाव आणि फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचे ते लिहिलेले असते. चिठ्ठी इंग्रजीत असेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या, पण वाचा. ज्या पिकाचे नाव त्यावर नाही, त्या पिकाला ते औषध मारू नका. मघाशी सांगितलेली दहा ट्रकांत एक ग्रॅमची मर्यादा अशाच वेळी अंगाशी येते. पालक, माठ, मेथी यांचे आयुष्य महिन्या-सव्वा महिन्याचे. त्यांच्यावर थांबण्याचे दिवस पाळणे अवघड जाते, हे मलाही कळते. म्हणून पालेभाजीवर शक्यतो पाच टक्के निंबोळी अर्कावर भागवा. पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजत घालावी, सकाळी फडक्यातून गाळावी आणि एकूण शंभर लिटर द्रावण करावे. मावा, पाने खाणारी अळी लहान असतानाच फवारावे. अळी मोठी झाल्यावर निंबोळीला दोष देऊ नये.

मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ सालापासून मनाई आहे. फोरेट आणि डायक्लोरव्हॉस यांच्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंदी आहे. तरी गोठ्याच्या आढ्यावर एखादी जुनी बाटली पडलेली असते आणि कीड वाढली की हात तिकडे जातो. तो जाऊ देऊ नका. ज्या पंपाने तणनाशक मारले त्याच पंपाने भाजीवर फवारणी करू नका. शेजारच्या वाडीत फवारा चालू असेल आणि वारा आपल्याकडे असेल, तर त्या कडेच्या दोन ओळी त्या दिवशी काढू नका.

आणि एक वही ठेवा. शाळेची जुनी वही चालेल. कोणत्या वाफ्यावर, कोणत्या तारखेला, काय आणि किती मारले, आणि काढणी कधी केली, एवढे चार रकाने पुरेत. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ हा शेतकऱ्याच्या शेतावरच्या उत्पादनाला लागू नाही. पण पुढे माल विकणाऱ्या व्यापाऱ्याला लागू आहे. व्यापारी अडकला की तो मागे वळून तुमच्याकडेच बोट दाखवतो. त्या वेळी तोंडी बोलण्याला कोणी विचारीत नाही, वहीला विचारतात.

कोणी पट्टी लावून तुमचा माल नाकारलाच, तर भांडत बसू नका. कोणत्या औषधाचे नाव निघाले ते कागदावर लिहून मागा. किती पानांवर, किती जागी पट्टी लावली ते विचारा. एकाच जागेवरून ठरवले असेल तर आणखी चार ठिकाणी लावायला सांगा. त्याच लॉटमधल्या दोन-तीन जुड्या स्वच्छ, कोऱ्या पिशवीत बांधून, तारीख आणि वाफा लिहून, बर्फात किंवा शीतकपाटात ठेवा, आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी व्हावी असा आग्रह धरा. प्रयोगशाळेचा पत्ता आणि शुल्क कृषी खात्याच्या जवळच्या कार्यालयात विचारल्यास कळेल. जाताना वही बरोबर न्या.